माधव, दिगंबरला मी खेळवलं नाही

तू गेलास त्याच्या आदल्या रविवारी आपण भांडत होतो, माधव, आणि भांडण मी जिंकत होतो. तू इस्पितळाच्या खाटेवर, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि मी शेजारच्या स्टुलावर. तू म्हणालास, "या वेळी दिगंबरला खेळव. मी त्याला शब्द दिलाय."

"कुणाला विचारून दिलास? संघ दोघांचा आहे."

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. म्हणून नाही विचारलं."

मी आवाज चढवला. समोरच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला, नर्स धावत आली. तू तिला म्हणालास, "यांना घालवू नका हो. लालबागेत विचारपूस अशीच करतात." आणि मग मला, "जा आता, बी. ए. पुढच्या रविवारी ये आणि उरलेलं भांड."

पुढच्या रविवारी तू नव्हतास.

तुझ्या तेराव्याला गिरगावात गेलो होतो. तुमच्या घरात सगळे हळू बोलतात, रडतातही हळू. तुझे काका तुझ्या कॉलेजातल्या खेळाबद्दल बोलले, ऑफिसातले कुणी तुझ्या स्वभावाबद्दल बोलले. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठेच नव्हतास. सुमनवहिनींनी मला वाढलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही गप्प का? तुम्ही आलात की या घराला जरा आवाज असायचा." त्या माउलीला काय सांगणार, की तुमच्या नवऱ्याशी माझं भांडण अर्धं राहिलंय आणि ते दुसऱ्या कुणाशी करता येत नाही. म्हणून लिहितोय. मला मनातल्या मनात बोलता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

या आवाजावरून तू मला किती छळलंस. आमच्या घरी सगळे ओरडून बोलतात, कारण गिरणीच्या सांचेखात्यात, मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य काढून बाबांचे कान गेले. जेवायला वाढलंय हेही त्यांना ओरडून सांगावं लागतं. तू पहिल्यांदा चाळीत आलास तेव्हा तुला वाटलं घरात भांडण चाललंय, आणि दारातूनच मागे फिरायला लागलास. आई म्हणाली, "अरे बस मरे, पेज घे. ह्यो गिरगावचो बामण भियालो काय?" तू बामण नाहीस हे तिला अजूनही पटलेलं नाही. इतकं हळू बोलणारा माणूस दुसरा कोण असणार, असं तिचं म्हणणं. तिला सांगितलं तू गेलास म्हणून. पदर तोंडाला लावून बसली आणि म्हणाली, "त्याचो आवाज माका कधी धड ऐकाकच येवक नाय."

आमच्या चाळीतला पहिला बी. ए. मी. बाबांनी पाटी रंगवून घेतली, नावापुढे ती दोन अक्षरं नावापेक्षा मोठी. तू त्या पाटीवरून मला बी. ए. म्हणायला लागलास आणि मला राग यायचा. तुमच्याकडे आजोबांपासून पदव्या. तू म्हणायचास, "आमच्याकडे नापास होणारा मी पहिलाच, म्हणजे पाटी माझीही लागायला हवी." दुसऱ्या कुणी असली थट्टा केली असती तर मी त्याच्याशी बोललो नसतो. पण तू संध्याकाळी ऑफिस सुटलं की गिरगावातून परळच्या मैदानावर येत होतास, आमच्या गिरणीवाल्यांच्या पोरांना फुटबॉल शिकवायला, आणि पोरं जसा चिखल लावून घ्यायची तसाच तूही लावून घ्यायचास. मी शाळेत शिकवतो, म्हणून मला वाटायचं शिकवणं मला येतं. तू कॉलेजच्या संघात डावा हाफ होतास, म्हणून तुला वाटायचं फुटबॉल तुला येतो. पोरांना कुणाचं काय येत होतं देव जाणे.

आपल्या दोघांत भांडण एकच होतं. इतकी वर्षं तेच. पोराला काय सांगायचं, आणि केव्हा.

सामन्याच्या दिवशी तू जर्सी वाटायचास. पोरं रांगेत बसायची आणि तू एकेकाच्या हातात जर्सी ठेवत पुढे जायचास, एक अक्षर न बोलता. ज्याच्यासमोरून तू रिकाम्या हाताने गेलास तो समजायचा. मला ते बघवत नसे. मी म्हणायचो, "हे काय श्राद्धाचं पान वाढतोयस? त्याला सांग ना, तू आज का नाहीस ते." तू म्हणायचास, "पंधरा वर्षांचं पोर आहे. दर महिन्याला वेगळं होतं. आज मी सांगितलेलं कारण उद्या खोटं होईल, पण ते त्याच्या डोक्यात बसून राहील." मी म्हणायचो, "आणि न सांगितलेलं कारण बसत नाही डोक्यात?" तू हसायचास. तुझं हसणं हे उत्तर नव्हतं, माधव. तुझ्या हसण्यावर मी किती वाद सोडून दिले.

एकदा मात्र तू जिंकलास, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर फाउंटनला गोळीबार झाला तो हिवाळा. संचारबंदी उठली आणि पोरं मैदानावर आली. आपला कॅप्टन यशवंत, त्याच्या थोरल्या भावाच्या मांडीत गोळी होती. लालबागेत भिंतीभिंतीवर कोळशाने लिहिलेलं, घराघरांत तेच बोलणं. मी ठरवून आलो होतो की आज पोरांना खाली बसवायचं आणि काय झालं, कशासाठी झालं, मुंबई कुणाची, हे नीट सांगायचं. मास्तर आहे मी, सांगणं माझं काम. तू माझ्या हातातून चेंडू घेतलास आणि यशवंतच्या पायात टाकलास. मी तुला बाजूला ओढलं. म्हणालो, "तुला गप्प बसणं परवडतं. तुमच्या गल्लीत कुणाला लागली नाही." तुझा चेहरा उतरला. पण तू एवढंच म्हणालास, "बोलतायत सगळेच रे. इथे तरी त्यांना पळू दे."

यशवंत त्या दिवशी काय पळाला. चेंडू सोडून नुसताच पळाला, मैदानाच्या कडेकडेने, आणि बाकीची पोरं खेळायचं थांबून बघत राहिली. मग येऊन तो गोलाजवळ बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. तू त्याच्याजवळ जाऊन बसलास. त्याच्याकडे बघितलंसही नाहीस. तू तिथे चेंडूची लेस बांधत बसलास, सोडून परत बांधत. मी माझं भाषण गिळून टाकलं. तेव्हापासून वर्गातही पोरगं रडायला आलं की मी आधी गप्प राहतो. हे तुझ्याकडून आलंय. तू असताना हे बोललो असतो तर तू त्यावरही काहीतरी खोचक बोलला असतास.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दिगंबर आला. नायगावच्या पोलीस चाळीतला, शिपायाचा मुलगा. आडवा, दणकट, मार खायला न घाबरणारा. पोरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि नाव पाडलं, 'सरकार'. "सरकारला पास देऊ नका, सरकार घेऊन टाकेल." त्याचा बाप गोळीबाराच्या दिवशी कुठे होता, फाउंटनवर ड्यूटीला का घरच्या घरात बसून, कुणालाही ठाऊक नव्हतं. विचारायची कुणाची छाती नव्हती. यशवंत त्याच्याशी बोलत नसे. मी म्हणालो, "याला दुसऱ्या मंडळात पाठवू, इथे त्याचे हाल होतील." तुला इतकं चिडलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. म्हणालास, "तो इथेच खेळेल."

पण तो खेळला नाही ना, माधव. दोन पावसाळे तो राखीव बसला. सभांचे दिवस. आदल्या संध्याकाळी मैदानावर सभा झाली की दुसऱ्या दिवशी मांडवाच्या वाशांचे खड्डे पडलेले असायचे, आणि ते बुजवल्याशिवाय सराव करता यायचा नाही, कुणाचाही पाय मोडला असता. खड्डे बुजवायला सगळ्यांत आधी दिगंबर यायचा. तू त्याच्या पाठीवर हात ठेवायचास, "शाब्बास" म्हणायचास, आणि सामन्याच्या दिवशी त्याच्यासमोरून रिकाम्या हाताने जायचास.

मी तुला म्हणालो होतो, त्या इराण्याच्या हॉटेलात, पहिल्या वर्षी. "तो बॅक म्हणून जड आहे. चेंडू त्याच्या मागे पडला की त्याला वळायला भरल्या हातगाडीइतका वेळ लागतो. तो आपल्या अकरात येणार नाही. हे त्याला सांग, नाहीतर मी सांगतो."

"सांगून काय होईल? त्याला वाटेल बापामुळे काढलं."

"म्हणून त्याला ठेवून घ्यायचं आणि खेळवायचं नाही?"

"वाढेल तो."

"आणि नाही वाढला तर?"

तू चहात पाव बुडवलास. म्हणालास, "तुझं ना, सगळं परीक्षेसारखं असतं. पास नाहीतर नापास." मला ते लागलं. मी रात्रशाळेत शिकून पास झालेला माणूस. मला नापासाची भीती काय असते ते तुझ्यासारख्याने सांगू नये, असं मी बोलणार होतो. बोललो नाही. दिगंबरचा विषय मी तुझ्यावर टाकला आणि मोकळा झालो. तो तुझा मुलगा, असंच म्हणायला लागलो. आणि तू यंदा त्याला शब्द देऊन बसलास, आजारी पडलास, आणि गेलास.

तुझ्यानंतर पोरं मैदानावर येत होती, पण जो तो माझ्याकडे बघायचा आणि मग तू उभा राहायचास त्या कोपऱ्याकडे. मी ओरडलो की जास्तच ओरडल्यासारखं वाटायचं, कारण दुसरीकडून गप्प राहणारं कुणी नव्हतं. स्पर्धेचा पहिला सामना रविवारवर आला होता. शुक्रवारी सराव संपला आणि दिगंबर थांबला. मला माहीत होतं कशासाठी थांबलाय. दिवसभर शाळेत माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. मेलेल्या माणसाचा शब्द आहे, पाळून टाकावा. एक सामना. हरलो तर हरलो. कोण विचारतंय? आणि दुसरीकडे वाटत होतं की यशवंतने वर्षभर घाम गाळलाय, त्याच्या मागे असा बॅक कसा देऊ, आणि भर मैदानात दिगंबरच्या चुकीने गोल झाला तर पोरं त्याला काय म्हणतील. 'सरकार'च्या पुढचं नाव काय असेल.

दिगंबर म्हणाला, "सर, माधवदादा बोलले होते, ह्या टायमाला मी खेळणार."

"हो. मला सांगितलं त्याने."

"मग?"

मी म्हणालो, "नाही. रविवारी तू नाहीस."

तो मान हलवून म्हणाला, "माहीत होतं." रागाने नाही. मनात घोळून घोळून गुळगुळीत झालेलं काहीतरी बोलावं तसा. मग म्हणाला, "बाबांच्यामुळे ना?"

मी त्याला विचारलं, असं तुला कधीपासून वाटतं? तो म्हणाला, "पहिल्यापासून. माधवदादा चांगले म्हणून हाकलत नव्हते. पण खेळवणार कसे? यशवंतचा भाऊ अजून लंगडतो."

मी ओरडलो नाही, माधव. मला ओरडायचं होतं, पण तुझ्यावर. दोन वर्षं ते पोर पाठीवरच्या तुझ्या हातातून हेच समजत होतं. त्याच्या डोक्यात कारण बसू नये म्हणून तू कारण दिलं नाहीस, आणि त्याने जगातलं सगळ्यांत वाईट कारण स्वतःच शोधून काढलं. मी बरोबर होतो. इराण्याच्या हॉटेलात मी म्हणालो ते शब्दाशब्दाने बरोबर होतं. इतकं बरोबर असून माणसाला इतकं वाईट वाटतं हे मला माहीत नव्हतं.

मी त्याला खाली बसवलं, मीही बसलो. हळू बोललो, जमेल तितकं. म्हणालो, "तुझ्या बाबांचा यात काही संबंध नाही. तू खेळत नाहीस कारण चेंडू तुझ्या मागे पडला की तुला वळायला वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा फॉरवर्ड निघून जातो. बाकी तुझं सगळं ठीक आहे, हेडिंग तर यशवंतपेक्षा बरं."

मला वाटलं आता रडेल. त्याने विचारलं, "बस, एवढंच?"

"एवढंच."

"मग वळायचं कसं?"

आपण दोघं दोन वर्षं या पोरावरून भांडलो. तू त्याला आशा दिलीस, मी त्याचा निकाल लावून ठेवला, आणि दोघांनीही स्वतःला मोठे शिक्षक समजलं. त्याला वळायला शिकवायचं आपल्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तू कॉलेजचा डावा हाफ आणि मी बी. ए. आणि जे शिकवण्यासारखं होतं तेच राहिलं.

मी म्हणालो, "उभा राहा." तो उभा राहिला, समोरासमोर, दोन्ही पाय एका रेषेत, बंदोबस्ताला उभं राहावं तसा. असा उभा राहणारा माणूस वळणार कसा? मला इतक्या दिवसांत त्याचे पायच दिसले नव्हते, फक्त उशीर दिसला होता. मी विचारलं, "हुतुतू खेळतोस?" म्हणाला, चाळीत तो कोपरा धरतो. "मग कोपऱ्यात असाच उभा राहतोस काय?" त्याने लगेच अंग तिरकं केलं, एक पाय मागे, गुडघे सैल. "असाच राहा. आता चेंडू मागे गेला तर तुझं अर्धं वळणं आधीच झालेलं आहे." मी चेंडू त्याच्या मागे टाकत राहिलो. चेंडू दिसेनासा होईपर्यंत आम्ही थांबलो नाही. तो काही एका संध्याकाळी हरीण झाला नाही. पडला, दोनदा तर माझ्याच अंगावर आला. पण कसं वळायचं ते त्याला समजलं होतं, आणि हे समजण्यासारखं आहे हे त्याला आवडलेलं दिसत होतं.

रविवारी मी त्याला घेतलं नाही. तुझा शब्द मी मोडला. जे खेळणार नव्हते त्या प्रत्येकाला आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन कारण सांगितलं. एकाची आई माझ्यावर तोंड टाकून आली, "मोठो मास्तर इलो," वगैरे. ते सहन केलं. सांगताना मी कुणाला आशाही दाखवली नाही आणि निकालही दिला नाही. काय चुकतंय आणि सोमवारी त्यावर काय करायचं, एवढं बोललो. तुझं म्हणणं खरं होतं, पोर दर महिन्याला वेगळं होतं. म्हणून दर महिन्याला परत सांगावं लागेल, एवढंच. हे मला तू हयात असताना सुचलं असतं तर आपलं भांडण मिटलं असतं. मिटायला नको होतं, तेही आहेच.

आपण हरलो, माधव. एकाच गोलने. चिखल इतका की बुटांऐवजी पट्ट्या बांधलेले पाय कुणाचे आणि उघडे कुणाचे कळत नव्हतं.

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा पलीकडच्या कठड्याशी एक माणूस येऊन उभा राहिलेला दिसला. साधा सदरा, डोक्यावर छत्री, पण उभं राहणं पोलिसाचं. चेहरेपट्टी दिगंबरची; त्याचा बाप या दोन वर्षांत एकदाही मैदानावर आला नव्हता. चेंडू बाहेर गेला तो नेमका त्याच्या पायाशी. आणायला यशवंत धावला आणि मध्येच थबकला. त्या माणसाने छत्री खाली ठेवून चेंडू उचलला, सदऱ्याच्या टोकाने चिखल पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. यशवंतने तो घेतला. बोलला काही नाही, बघितलंही नाही, पण घेतला आणि थ्रो टाकायला गेला. मी त्यातून काही मोठा अर्थ काढत नाही. चेंडू घ्यावाच लागतो.

सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला. साताऱ्याकडचा माणूस, मिशी पिकलेली. म्हणाला, "मास्तर, पोरानं सांगितलं. पाय वळत न्हाईत म्हनून घेत न्हाई म्हने."

"हो. शिकतोय तो. चुकतं ते पायांचं आहे, त्याचं नाही."

"न्हाई, बरं झालं सांगितलं." त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "म्या हितं येत नव्हतो. म्हनलं, मी दिसलो तर तेवढ्यापायी पोराला बाहेर ठेवतील. मी न्हाई आलो तर घेतील कधीतरी. त्याची आय म्हनायची, एकदा बघून तरी या. म्हनलं, खेळाया लागला की बघीन."

माझ्या जिभेवर प्रश्न होता. फाउंटनच्या गोळीबाराच्या दिवशी तुम्ही कुठे होता? मी विचारणारा माणूस आहे, तुला माहीत आहे, तोंडावर विचारणारा. लालबागेत मी जन्मलो, यशवंतच्या भावाला इस्पितळात बघून आलोय, आणि मुंबई अजून आपल्याला मिळालेली नाही. विचारायचा हक्क मला होता. दिगंबर तिथेच उभा होता, ओल्या चेंडूची लेस सोडवत. मी त्याच्या बापाला विचारलं, "चहा घेणार?"

तो म्हणाला, "घेऊ की."

मैदानाच्या फाटकाजवळच्या टपरीवर आम्ही उभ्याने चहा घेतला. तुझ्याबद्दल त्याने विचारलं, माधवदादा कसे माणूस होते म्हणून. चांगला होता, हे तर कुणीही सांगेल. मी म्हणालो, "आमचं पटायचं नाही." त्याने मान डोलावली, जणू मी फार मोठी स्तुती केली. दिगंबर मध्येच बापाला सामना समजावून सांगायला लागला, गोल कसा झाला, उजव्या बॅकने कुठे सोडलं, यशवंतने मागे यायला हवं होतं. तो बरोबर सांगत होता. बाप चहा गार करत ऐकत होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होता, पोरगं बरोबर बोलतंय ना, एवढंच विचारल्यासारखा. मी दर वेळी होकाराची मान हलवली.